साडूचं होम थिएटर आणि माझी तीन कोटेशनं

२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.
साडूकडे जाऊन आलो. त्याने होम थिएटर घेतलंय. पाच स्पीकर, एक अॅम्प्लिफायर आणि कोपऱ्यात तो धम्म धम्म करणारा ठोकळा, ज्याला सबवूफर म्हणतात. गाडी उडाली तेव्हा कपाटातल्या काचेच्या ग्लासांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.
सासरे शेजारीच बसले होते. चौतीस वर्षं सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवलेला माणूस. आवाजातलं कळतं. त्यांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. सोळा वर्षं मी त्यांचा थोरला जावई आहे, माझ्या घरी ती मान एकदाही डोललेली नाही.
साडूला किंमत विचारली. एकाच दुकानात गेला, एकदाच गेला आणि सांगितलेले पैसे देऊन आला! घासाघीस शून्य. मला त्याची कीव आली. घरी येऊन अॅसिडिटीची गोळी घेतली. कीव आली की मला असं होतं.

३ फेब्रुवारी, सोमवार. ऑफिस, जेवणाची सुट्टी.
बावीस वर्षं कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. झाडूपासून बॉयलरपर्यंत सगळं घेतलंय, तेही तीन कोटेशनं मागवल्याशिवाय कधी नाही. प्रत्येक वस्तूचा वेगळा भाव, प्रत्येक वस्तू सगळ्यात स्वस्त देणाऱ्याकडून. हा माझा धर्म. आख्खा सेट एका दुकानातून घेणारा माणूस दुकानदाराला पोसतो.
संकल्प: साडूपेक्षा मोठा सेट. साडूपेक्षा तीस टक्के कमी किमतीत. मुदत तेवीस तारीख. त्या दिवशी सासऱ्यांची पंच्याहत्तरी आहे आणि ती आपल्याकडे होणार, असं मी आजच जाहीर केलं.
बायकोने विचारलं, सेट बाबांसाठी घेताय की साडूसाठी? असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नाही, हाही संकल्प.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
तक्ता तयार. सात रकाने. शेवटचा रकाना 'साडूच्या सेटशी तुलना'. तो लाल शाईत.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी दोन.
सकाळी दहाला सासरे आपणहून आमच्याकडे आले! सेट नसतानाच ही गत, तर आल्यावर काय होईल. बायको क्लासला गेली होती, त्यामुळे घरी मी एकटाच. ते चहा घेता घेता सांगायला लागले, की एकदा भरगच्च खेळाला रीळ तुटलं होतं, खाली लोक खुर्च्या बडवत होते आणि तेवढ्यात प्रोजेक्टरच्या खोलीचं दार...
पण रविवारी बाराच्या आत दुकानं रिकामी असतात. दुकानदार ढिला असतो. ही वेळ घालवून चालत नाही. म्हटलं, बाबा, तुम्ही निवांत बसा, पेपर आहे, टीव्ही आहे, मी हा आलोच.
दीड वाजता आलो तर सासरे गायब. फोन केला. साडूकडे पोचलेसुद्धा!
बघा. स्पीकरची ओढ. आणखी पुरावा कशाला हवा?

११ फेब्रुवारी, मंगळवार.
टक्कलवाला दुकानदार म्हणाला, साहेब, सेट एकत्र घ्या, एकमेकांसाठी बनवलेला असतो. मी नुसता हसलो. नट विकणारे बोल्टबद्दल हेच सांगतात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
टक्कलवाल्याला नऊ फोन केले. पहिले तीन त्याने उचलले. नंतरचे सहा उचलले नाहीत. घाबरलाय. आता भाव खाली येणार.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.
दुसऱ्या नंबरवरून फोन केला. त्याने माझा आवाज ओळखला आणि जे मागताय त्या भावात अॅम्प्लिफायर घेऊन जा, पण परत फोन करू नका, म्हणाला. वॉरंटी सोडली तर आणखी सूट. सोडली. चांगल्या वस्तूला वॉरंटी लागतेच कशाला!

१६ फेब्रुवारी, रविवार.
सकाळी सासऱ्यांचा फोन. येऊ का म्हणत होते. घाईघाईने नको म्हटलं. घरभर खोकी पडली आहेत, सरप्राइज फुटलं असतं. म्हटलं, बाबा, आता एकदम तेवीसलाच या. बरं म्हणाले. जरा वेळ फोन तसाच धरून होते, मग ठेवला.
दुपारी मेहुणीने बायकोला कळवलं की बाबा चार तास आमच्याकडे बसलेत, उठायचं नावच घेत नाहीत. चार तास! म्हणजे एक आख्खा पिक्चर आणि दुसऱ्याचा अर्धा. त्या साडूला अक्कल काडीची नाही, ऑफिसात प्रमोशन नाही, गाडी जुनी, पोट सुटलेलं. तरी सासरे तिकडेच. अॅसिडिटीच्या दोन गोळ्या घेतल्या.
तडक बाहेर पडलो आणि साडूच्या दुप्पट आकाराचा सबवूफर बुक केला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.
खरेदी पूर्ण. अॅम्प्लिफायर टक्कलवाल्याकडून. पुढचे दोन स्पीकर दुसऱ्याकडून, मधला तिसऱ्याकडून, मागचे दोन चौथ्याकडून. सबवूफर पाचव्याच्या शोकेसमधला. त्याला एका अंगाला ओरखडा आहे, म्हणून आणखी सूट. ओरखडा भिंतीकडे केला की झालं.
सात वस्तू, पाच दुकानं, एकूण बचत एकतीस टक्के. कारखान्यात असतं तर साहेबांनी पाठ थोपटली असती.
बायकोने विचारलं, हे सगळं एकमेकांना जुळतं का? तक्त्यात तसा रकाना नाही, असं तिला समजावून सांगितलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
वायरमन आला. म्हणे, मधल्या स्पीकरची पिन अॅम्प्लिफायरमध्ये जात नाही, ह्या कंपनीची पिन ह्याच कंपनीच्या डब्यात बसते. म्हटलं, काप. त्याने माझ्याकडे दोनदा पाहिलं, मग कापली. वर म्हणतो, साहेब, एवढ्या तऱ्हा मी पहिल्यांदाच बघतोय. कौतुक कुणाला आवडत नाही!
सबवूफर दारामागेच मावला. आता दार अर्धं उघडतं. आमच्यापैकी कुणी इतकं जाड नाही. साडूला मात्र तिरकं यावं लागेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार. दुपार.
चाचणी. आवाज आला! पाचही बाजूंनी. अंगावर काटा आला. सासऱ्यांची मान डोलताना मला समोर दिसली.
एका मिनिटाने टक्. सगळं बंद.
वायरमनचं म्हणणं, हे स्पीकर अॅम्प्लिफायरला झेपत नाहीत, म्हणून तो स्वतःला वाचवायला बंद पडतो. पाच मिनिटांनी परत लावायचा. मग परत एक मिनिट.
म्हणजे चालतो. फक्त थांबत थांबत चालतो. सिनेमागृहात मध्यंतर असतंच की.

२३ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी सात.
पंच्याहत्तरी. अकरा वाजता सगळे आले. साडू तिरका झाला, तेवढं एक समाधान.
सासऱ्यांना मधल्या खुर्चीत बसवलं. चार शब्द बोललो. बटण दाबलं. धम्म. आणि टक्.
सात वेळा टक्. तिसऱ्यांदा मेहुणी खिडकीतून बाहेर बघायला लागली. पाचव्यांदा बायको स्वयंपाकघरात गेली ती आलीच नाही. सासरे म्हणाले, असू द्या हो, जावईबापू, आमच्या वेळी रीळसुद्धा तुटायचं. साडू हसला असता तरी चाललं असतं. तो हसला नाही! ह्या माणसाचा हा दुष्टपणा कुणाच्या लक्षातच येत नाही.
उलट उठला, म्हणाला, साडूभाऊ, मी माझा घेऊन येतो. मी तीनदा नको म्हटलं. तो गेला आणि आख्खा सेट गाडीत घालून आणला, वीस मिनिटांत जोडला. काय आवाज! सासऱ्यांनी मान डोलावली. माझ्या घरी. माझ्या पाठीवर थाप मारली. मी 'हा सेट साडूचा' असं काही म्हटलं नाही, तोही काही बोलला नाही.
जाताना म्हणाला, राहू दे इथेच, आमच्याकडे धूळच खात पडलाय, त्या पहिल्या दिवसानंतर लावलेलाच नाही. मी म्हटलं, मग रविवारी चार चार तास? तर म्हणे, बाबा बोलतात, आम्ही ऐकतो.
साफ खोटं. बिल परवडत नसणार विजेचं. पण सेट माझ्याकडे आला, फुकट. शंभर टक्के बचत! तक्त्यात नोंद केली.

२ मार्च, रविवार. दुपारी बारा.
सकाळी नऊपासून तयार आहे. खुर्ची मधोमध, उशी पाठीला. दुकानात जायचं नव्हतं, कुणाला फोन करायचा नव्हता.
दहा. साडेदहा. अकरा. सासऱ्यांचा पत्ता नाही.
बायको पर्स घेऊन निघाली. बाबा तिकडे आलेत म्हणाली. कुठे तिकडे? साडूकडे. मी म्हटलं, अगं, तिकडे आता नुसता रिकामा स्टँड आहे! ती म्हणाली, हो, तुम्हीपण चला. मी म्हटलं, सेट लावून ठेवलाय. ती गेली.
साडूच्या घरी फोन केला. मेहुणीने सासऱ्यांना दिला. मी सांगितलं, बाबा, सेट अगदी छान चालतोय, कधीही या. ते म्हणाले, हो हो, येतो की, जरा थांबा हं, एवढं सांगून होऊ द्या. फोन बहुतेक टेबलावर ठेवला. ते बोलत होते, काय ते नीट ऐकू येत नव्हतं. मध्येच साडूने विचारलं, आणि मग? मग सगळे हसले. माझी बायकोसुद्धा.
मी बराच वेळ फोन धरून होतो. ते विसरले असावेत.
इकडे सेट चालू आहे. एकदाही टक् झालं नाही. साडूचाच सेट आहे, आणि तो आता माझ्या घरात आहे.
तरी अजून मला त्याचाच हेवा वाटतोय.