शहाण्णव पानं आणि बंद दार

डोणगाव, ता. मेहकर
रविवार, दुपार

आदरणीय मंजुश्रीताई यांना माणिकरावचा सविनय जय भीम.

आपली तब्येत बरी असेल, गुडघ्याला लावायचं तेल संपलं नसेल आणि अकोल्याचं ऊन यंदा आपल्याशी जरा मर्यादेनं वागत असेल, अशी आशा करतो. इकडे सर्व ठीक आहे. (हे वाक्य मी तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलं आहे. पण आता ते खरं आहे, म्हणून राहू देतो.) पुढचं वाचण्याआधी आपण कृपया खुर्चीत बसावं. शेवट आधीच सांगून टाकतो: आपली धाकटी बहीण महामाया घरी आहे, समोर पलंगावर बसून लसूण सोलते आहे आणि मी कोणाला एवढं लांबलचक लिहितो आहे म्हणून संशयानं बघते आहे. तिचं बुलडाण्याला पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आज बारावा दिवस. आपल्याला कळवलं नाही, याबद्दल जे काही बोलायचं ते आपण मलाच बोलावं. पण निर्णय तिचा होता. "ताईले सांगू नका, ती गुडघे घेऊन धावत येईन, आन् मले पोटाऐवजी तिचीच काळजी करा लागन," असं तिचं म्हणणं. पुण्याला आपल्या भाच्याला, प्रसेनजितलाही कळवू दिलं नाही. त्याला नव्या नोकरीत सुट्टी मिळत नाही. म्हणजे माणूस म्हणाल तर मी एकटाच.

आता मी एकटा म्हणजे काय, हे आपल्याला माहीतच आहे. दिवाळीत मी आपल्याला पत्र लिहिलं होतं, त्यात "आपण पाठवता त्या प्रेमाच्या कादंबऱ्या आता पुरेत" असं एक वाक्य होतं. तेव्हापासून फोन मी उचलला की आपण फक्त "महामायेला द्या" एवढंच म्हणता. त्या वाक्यामागची बाजू एकदा ऐकून घ्यावी. आपलं पार्सल येतं अकोल्याच्या गाडीनं, ड्रायव्हरच्या केबिनमध्ये. ते उतरवून घ्यायला स्टँडवर जावं लागतं मला, जिथं जुने कंडक्टर अजून मला साहेब म्हणतात. "काय हाय साहेब?" विचारलं की मी मसाला सांगायचो. मागच्या वेळी सुतळी तुटली आणि भर स्टँडवर सगळा मसाला सांडला. प्रत्येक मुखपृष्ठावर एक मुलगी, एक तरुण, आणि तिची ओढणी त्याच्या खांद्यावर. अकरा मुली, अकरा तरुण, अकरा ओढण्या. मेहकर आगारात चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसानं त्या ओढण्या खाली वाकून गोळा केल्या, ताई. त्या संध्याकाळी मी ते पत्र लिहिलं.

आणि शिवाय मला त्या पुस्तकांचं कळतच नव्हतं. महामाया दुपारी दोन ते चार पलंगावर आडवी होऊन शंभर पानांच्या आतलं पुस्तक उघडते, आणि चार वाजता चेहरा असा घेऊन उठते की जणू माहेराहून जेवून आली. मी म्हणायचो, अगं, शेवटी लग्नच होणार ना? ती म्हणायची, हाव. मग कशाला वाचायचं? यावर ती चहा ठेवायची.

तर बुलडाणा. सकाळी आठला पोचलो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांनी मला फार सहन केलं आहे. दहा वाजेपर्यंत मी नोंदणीच्या बाईंशी फॉर्मवरच्या एका रकान्यावरून वाद घातला होता, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये का थांबते याचा खुलासा मागितला होता, आणि डॉक्टरांना त्यांची पदवी कोणत्या सालची, हे विचारलं होतं. (त्यांनी सांगितलं. चांगला माणूस.) मी घाबरलो नव्हतो, फक्त व्यवस्था बघत होतो. महामाया हे सगळं खाटेवरून बघत होती.

अकराला तिला आत न्यायला आले. हिरवा झगा, केस टोपीत कोंबलेले, आणि हात उघडे. चाळीस वर्षांत मी तिचे हात बांगड्यांशिवाय पाहिले नव्हते. बांगड्या रुमालात बांधून तिनं माझ्याकडे दिल्या आणि वरून आपण पाठवलेलं एक पुस्तक. बसचं जुनं तिकीट खूण म्हणून घातलेलं.

"अठ्ठावन्नपर्यंत झालं," ती म्हणाली. "पुढचं तुमी वाचून ठेवा. बाहेर आली का पयले मले तेच सांगजा, तिनं हो म्हटलं का नाई."

"आत्ता? हे?"

"मंग काय करसान इथं बसून? भांडसान." आणि दार बंद झालं.

एक तासाचं काम, असं सांगितलं होतं. पोटाला लहान छिद्रं पाडून दुर्बिणीतून करतात. मी बाकड्यावर बसलो. अठ्ठावन्नावं पान उघडलं तर कोण कुठला काही कळेना, म्हणून पहिल्या पानावर आलो. नायिका पुष्पांजली, डोंगरातल्या एका गावी फुलझाडांची रोपवाटिका चालवते. तिथं जनावरांचा डॉक्टर बदलून येतो, त्याचं नावच प्रेम. (म्हणजे पुढं काय होणार याबद्दल कोणाच्या मनात शंका नको.) तिची शेळी विताना अडते, तो सोडवतो. मला हे सगळं फार पोरकट वाटलं आणि मी चाळीस पानं वाचून गेलो.

शेजारी अमडापूरच्या अन्नपूर्णाबाई बसल्या होत्या. त्यांचे यजमान किसनराव गोठ्याच्या पत्र्यावरून पडून मांडीचं हाड मोडून घेऊन आले होते. महामायेनंतर त्यांचा नंबर, म्हणून ते सकाळपासून उपाशी, आणि या बाई दाराकडे एकटक बघत. त्यांनी विचारलं, काय वाचून राह्यले? मी लाजेनं मुखपृष्ठ गुडघ्यावर उपडं केलं. त्या म्हणाल्या, मोठ्यानं वाचा ना बापा, माहा चष्मा घरी राह्यला, इथं बसून माहा जीव जाते. पलीकडे शंकरराव म्हणून एक निवृत्त तलाठी मेहुण्याच्या हर्नियासाठी आले होते. तेही सरकून जवळ बसले.

मी मोठ्यानं वाचू लागलो. पुष्पांजलीला प्रेमच्या जीपमध्ये एक परकी बाई दिसते आणि ती त्याच्याशी बोलणं टाकते. ती बहीण आहे त्याची, हे मला एका ओळीत समजलं. पण बारा पानं झाली तरी पुष्पांजलीला समजेना. मी चिडून "अगं, बहीण आहे ती!" असं ओरडलो, आणि नेमकं त्याच वेळी दार उघडलं.

सिस्टर होत्या. हातात कागद. "काका, दुर्बिणीतून होत नाहीये. आत फार चिकटलेलं आहे. पोट उघडावं लागेल. इथे सही करा." मी विचारलं, म्हणजे काय? त्या म्हणाल्या, सही करा काका, लवकर. मी सही केली. सिस्टर गेल्यावर लक्षात आलं की सहीखाली मी सवयीनं "वाहतूक नियंत्रक, मेहकर आगार" असं लिहिलं होतं.

बारा वाजून गेले होते. त्यानंतरचं लिहायला मला तीन दिवस लागले, ताई, म्हणून हे पत्र उशिरा येत आहे. रुमालातल्या बांगड्या मी इतक्या घट्ट धरल्या होत्या की एक फुटली. अन्नपूर्णाबाईंनी माझ्या हातातून काच काढून घेतली आणि एवढंच म्हणाल्या, "वाचा." मी वाचलं. चौऱ्याहत्तर, ऐंशी, पंच्याऐंशी. दीड वाजला. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर मी थांबलो.

का थांबलो, ते मी कोणालाच सांगितलं नाही, आपल्याला सांगतो. आम्ही अंधश्रद्धा मानत नाही. घरात कधी लिंबू-मिरची टांगली नाही. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात बसलं, की जोवर या पुस्तकाची आठ पानं शिल्लक आहेत तोवर आत काही वाईट होणार नाही. गाडी जोवर रस्त्यात आहे तोवर ती रद्द झाली असं कोणी म्हणू शकत नाही. मी पुस्तक मिटलं.

"काऊन थांबले?" अन्नपूर्णाबाई.

मी म्हणालो, घसा बसला.

"खोटं. आता कुठं तिले समजलं का ते बहीण हाय, आन् तुमी थांबता?"

मी नाही म्हणालो. त्यांनी सरळ माझ्या हातातून पुस्तक ओढलं. मी धरून ठेवलं. बासष्ट वर्षांचा माणूस आणि अमडापूरची एक अनोळखी बाई ऑपरेशन थिएटरच्या दारात प्रेमकथेवरून ओढाताण करत होते. त्या जिंकल्या, पुस्तक शंकररावांना दिलं, आणि शंकररावांनी वाचायला घेतलं. चौतीस वर्षं मी स्टँडवर घोषणा केल्या, पण असा आवाज ऐकला नाही. "पुष्पांजलीच्या डोळ्यांत पाणी तरळले" हे त्यांनी "पूर्वेस नाला, पश्चिमेस पांदण" या चालीवर वाचलं. मी दाराकडे बघत राहिलो. पानं संपत होती. प्रेम रोपवाटिकेत आला, शेळीनं त्याला ओळखलं, पुष्पांजली हो म्हणाली. शंकररावांनी "समाप्त"सुद्धा वाचलं आणि पुस्तक मिटलं.

दार बंदच होतं.

शंकरराव खाली बघू लागले; आपल्या हातून काहीतरी चूक झाली असं त्यांना वाटलं असावं. तेवढ्यात अन्नपूर्णाबाईंनी पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"आता पयल्यापासून वाचा," त्या म्हणाल्या.

"संपलं ना आता. सगळं माहीत झालं."

"मंग? माहीत हाय म्हणून तं वाचा. जिथं माहीत नाई तिथं तं बसलोच हावो ना आपण."

मी पहिलं पान उघडलं. आणि ताई, दुसऱ्यांदा ते पुस्तक वेगळंच लागलं. शेळी वाचणार हे माहीत असल्यामुळे शेळीची भीती गेली, आणि पुष्पांजली सकाळी एकटीच चहा पिते ते दिसलं, तिची ती उगाच दोन कप काढून एक परत ठेवण्याची सवय दिसली. पहिल्यांदा ते मी उडवून दिलं होतं. जन्मभर मी फळ्यावर दहा-दहा लिहिलं आणि गाडी अकराला आली, किंवा आलीच नाही, आणि लोक माझ्याकडे बघत राहिले. इथं कोणीतरी लिहिलं होतं की गाडी येईल, आणि ती येत होती. दुपारी दोन ते चार महामाया कशासाठी आडवी होत होती, ते मला सव्वादोनला, सातव्या पानावर समजलं. त्याच पानावर डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचं कापड खाली केलं, आणि म्हणाले, झालं काका, व्यवस्थित झालं, वेळ लागला पण झालं.

मी त्यांना पान पूर्ण करू द्या म्हणालो. (असं अन्नपूर्णाबाई सांगतात. मला आठवत नाही.)

संध्याकाळी महामायेनं डोळे उघडले. मी म्हणालो, ऑपरेशन चांगलं झालं. तिनं मान हलवली, "ते नाही" अशा अर्थानं. मी म्हणालो, हो म्हटलं तिनं. मग ती झोपली. तिसऱ्या दिवशी पेज पिता पिता तिनं सांगितलं, की ते पुस्तक तिनं चारदा वाचलेलं आहे, अठ्ठावन्नावर तिकीट तिनं मुद्दाम घातलं होतं, आणि मी डॉक्टरांना पदवीचं साल विचारलं तेव्हाच तिनं ठरवलं, की या माणसाच्या हातात काहीतरी दिल्याशिवाय आत जायचं नाही.

दिवाळीतलं ते वाक्य मी या पत्रानं मागे घेतो. घरातल्या सर्वांना जय भीम, लहानांना आशीर्वाद. रागाचं उत्तर आलं तरी चालेल, पण यावं.

आपला नम्र,
माणिकराव

ता.क. मूळ विनंती राहिलीच. किसनरावांना दवाखान्यात अजून महिना काढायचा होता, म्हणून निघताना मी ते पुस्तक अन्नपूर्णाबाईंना देऊन टाकलं. महामायेला हे माहीत नाही. ते पिशवीत तळाशी आहे असं मी सांगितलं आहे. तरी त्याच पुस्तकाची दुसरी प्रत शोधून ताबडतोब पाठवावी. सुतळी दुहेरी बांधावी.

ता.क. दुसरा. त्यासोबत आणखी दहा-अकरा आली तरी स्टँडवर जायला माझी हरकत नाही.

ता.क. तिसरा, हे अक्षर माहं हाय ताई. हे चहा ठेवायले गेले तवा पत्र वाचलं. पुस्तक देऊन टाकलं ते मले त्याच दिवशी माहीत झालं, पिशवी मीच भरली होती. ते पुस्तक पाठवू नको, दुसरे पाठव. ते यांले तोंडपाठ झालं. रोज दुपारी माह्या पलंगाजवळ बसून सांगतात, आन् शेवटी लग्न झाल्यावर प्रेम पुष्पांजलीले दवाखान्यातून गाडीत बसवून हळूहळू घरी आणते, असं सांगतात. चारदा वाचलं ताई, पुस्तकात दवाखाना नाई. मी काई म्हणत नाई. ऐकते.