गॅलरीचं भाडं

जळगाव,
एप्रिल १९९०

प्रिय भाऊ,

तुझं कार्ड केव्हाच मिळालं. रोज ठरवायचो की आज उत्तर लिहायचं, आणि रोज काहीतरी निघायचं. रसवंतीवर गर्दी, नाहीतर चरकाचा पट्टा तुटलेला, नाहीतर कुणी जुना ट्रकवाला भेटला की त्याच्याबरोबर चहा. ही सगळी निमित्तं. खरं म्हणजे लिहायला बसलो होतो, पण 'प्रिय भाऊ'च्या पुढं हातच जाईना. जे पाहिलं ते अजून माझ्या डोक्यात नीट बसलेलं नाही, ते कागदावर कसं बसवणार? तू म्हणशील, ह्याचं नेहमीचंच. आज मात्र उठायचं नाही असं ठरवून बसलोय.

तू लिहिलं होतंस की आबांनी जळगावला भाड्यानं ब्लॉक घ्यायचं डोक्यात घेतलंय, महिन्याला सातशे सांगतात, तू तिथंच आहेस तर बघून ये, पैशाच्या मानानं वस्तू आहे का ते कळव. आणि खाली लगेच, नसेलच, तेव्हा आबांना समजावून गावी धाड. म्हणजे उत्तरही तूच लिहून पाठवलंस. मला राग नाही आला. सातशे वाचून मीच मटकन खाली बसलो होतो. सातशेत आपल्याकडे सालदार दोन महिने राबतो. आणि आबा म्हणजे वांग्याच्या वाट्यावर एक वांगं जास्त घेतल्याशिवाय बाजारातून न हलणारा माणूस. शेताचा पैसा तुझ्या हातात, तेव्हा 'हो' तुझ्याकडूनच यायला हवं, हेही आबांना ठाऊक. मला वाटलं उन्हाचा परिणाम असेल. यंदा ऊनही असं आहे की दुपारी रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवतं. मागे मुक्ताईनगरच्या यात्रेत मी कुल्फी विकायचो, तेव्हा माघातच इतकी विकली गेली होती की... पण ते जाऊ दे.

आबा बसस्टँडवर उतरले तर मी ओळखलंच नाही. कोरी टोपी, नवं धोतर, दाढी घोटून केलेली. रस दिला तर अर्धाच प्याले आणि म्हणाले, चल, उशीर होतो. मी विचारलं, कशाला उशीर? ते चालायलाच लागले. वाटेत एका पानाच्या दुकानाच्या आरशापुढं थांबून टोपी सारखी केली. भाऊ, लहान तोंडी मोठा घास घेतोय, पण मला भलतीच शंका आली. आई गेल्यापासून माणूस एकटा आहे, शहरात कुणी बाई तर नाही ना? तूही कार्डात 'आबांचं लक्ष ठिकाणावर नाही' असं लिहिलं होतंस, ते ह्याच शंकेनं ना? आपण दोघे भाऊ एकाच वेळी एकच घाण विचार करत होतो म्हणायचं.

ब्लॉक भंवरलाल शेठचा. त्यांचं कापडाचं दुकान आहे. खाली स्वतः राहतात, वरचे मजले भाड्यानं देतात. माणूस गोड, पण अटींची माळच घेऊन बसलेला. मांस-मच्छी नाही, भिंतीला खिळा नाही, गच्चीला कुलूप, कारण तिथं सुगनबाईंचे, म्हणजे शेठाणीचे, पापड वाळतात. नळ तिसऱ्या दिवशी येतो आणि वरपर्यंत चढत नाही. हवा मात्र भरपूर, म्हणे. मी खिडकी उघडली तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखं झालं. आणि संडास कुठं असेल? चुलीच्या भिंतीला चिकटून. आपले आबा गावात पाहुण्याच्या घरी संडास ओसरीजवळ दिसला तर जेवण टाळणारे. मी म्हटलं, झालं, आता धोतर झटकून निघतील. तर ते त्या संडासाकडं बघून म्हणाले, चांगलं आहे. घासाघीस नाही, एक शब्द नाही. ते सरळ गॅलरीत गेले आणि तिथं कोपऱ्यात एक बारदान अंथरलेलं होतं त्यावर बसले. जसे काही रोज तिथंच बसतात.

तेव्हा शेठनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, तुमचे आबा हा ब्लॉक किती वेळा बघून गेलेत ठाऊक आहे का? येतात, गॅलरीत बसतात, दिवस कलला की जातात. बोलणी काही नाही. मी म्हातारं माणूस म्हणून चावी देतो, पण बँकेतला एक साहेब मागे लागलाय, अक्षय्य तृतीयेपर्यंत, तुमच्या आखाजीपर्यंत, हो-नाही सांगा. म्हणजे आबा शेतावर जातो म्हणून पहाटे निघत होते ते इथं येत होते. जळगावातल्या ह्या बोळाचा पत्ता त्यांना कुणी दिला म्हणून आबांनाच विचारलं, तर त्यांनी हात झटकला.

मला तहान लागली होती. घर रिकामं, नळ कोरडा, आणि गॅलरीच्या सावलीत मातीची एक घागर. ओल्या फडक्यात गुंडाळलेली, वर पेला उपडा. मी दोन पेले घटाघट प्यालो. असं गार पाणी जळगावात प्यालो नव्हतो, वाळ्याचा वास होता त्याला. शेठाणी दारात उभ्या होत्या, त्यांना म्हटलं, तुमचे उपकार. त्या हसल्या आणि म्हणाल्या, म्हारे नहीं, सामनेवाली के. समोरची बाई आपल्या पोरीबरोबर रोज भरून पाठवते, म्हातारा माणूस उन्हात बसतो म्हणून.

मी समोर पाहिलं. बोळ एवढा अरुंद की हात लांब केला तर पलीकडची दोरी हाताला लागावी. पलीकडे खाली सायकलचं दुकान, वर एक खोली आणि खोलीपुढं उघडं धाबं, मातीनं लिंपलेली गच्चीच. धाब्यावर लुगडं अंथरून एक बाई ज्वारीचे पापड, आपले बिबडे, टाकत होती. पाठमोरी. पदराचं टोक दातात धरलेलं. बिबडा टाकून झाला की ओला हात लगेच कोपराला पुसायचा. भाऊ, असा हात पुसणारं आपल्या घरात एकच माणूस होतं, आणि आई त्यावरून किती ओरडायची. एक लहानगी जवळ बसून कच्चा बिबडा चाटत होती. बाई वळली.

बेबी होती.

मी ओरडलो नाही. आबांच्या शेजारी बारदानावर बसलो एवढंच. मेलेली माणसं मी पाहिलीत, ट्रकवर असताना रस्त्यावर नको ते पाहिलंय, पण मेलेलं माणूस बिबडे वाळत घालताना पाहिलं नव्हतं. तू म्हणशील, ती मेलीच कुठं होती? तेच तर, भाऊ. मलाही ठाऊक होतं. आपली बहीण जीवरामबरोबर गेली, तो आपल्या समाजातला नाही, सायकली दुरुस्त करतो, जळगाव-भुसावळकडं कुठंतरी आहे, सगळं ठाऊक होतं. पण तू आखाजीला मेलेल्यांसारखी तिच्या नावाची घागर आबांना भरायला लावलीस आणि त्यानंतर ती मेली असं आपण इतकं पक्कं धरलं की ती जिवंत दिसल्यावर मी आधी तिचे पाय उलटे आहेत का ते पाहिलं.

मी त्या आखाजीला केळीच्या ट्रकवर दिल्लीकडं होतो. परत आलो तर ओसरीत आईच्या घागरीशेजारी दुसरी नवी घागर. वर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. मी विचारलं, कोण गेलं? शेजारच्या झुंबर अक्कानं सांगितलं. कसला सण रे हा आपला. एकाच दिवशी आपण मेलेल्यांना पाणी देतो आणि लेकींना माहेरी आणून झोक्यावर बसवतो. दोन्ही एकाच ओसरीत. गावातल्या सगळ्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि आपल्या पोरीचं पाणी घागरीत होतं. तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. तुला तेव्हा समाजात मान खाली घालावी लागली, लोक टोचून बोलले, मला सगळं ठाऊक आहे. मी तर कायम बाहेर, मला कोण बोलणार.

तर आम्ही तिघं तसेच. बेबीनं मला पाहिलं. डोक्यावर पदर घेतला, पुन्हा पाठमोरी झाली आणि बिबडे टाकत राहिली. आत गेली नाही. मला नंतर कळलं की ती आणि आबा एवढ्या दिवसांत एकदाही बोललेले नाहीत. आपली घागर भरली गेलीय हे तिच्या कानावर आलंय, तेव्हा ती आपल्याशी बोलणार कशी? आणि आबा कुठल्या तोंडानं बोलणार? ते फक्त बसतात. ती पाणी पाठवते. ती लहानगी घागर घेऊन जिना चढते, आबांना 'समोरचे आबा' म्हणते आणि रिकामा पेला दाखवल्याशिवाय जात नाही.

मी आबांना म्हटलं, असं चोरासारखं बसायचं होतं तर सरळ दार वाजवायचं. ते समोरच्या लुगड्याकडं बघत म्हणाले, "मीच भरी ना रे तिनी घागर. आनि पोर जित्ती शे." भरली त्यांनीच, आणि पोर समोर जिवंत. नवी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवत राहिले. नवी टोपी कुणासाठी होती ते मला तेव्हा कळलं. माझ्या त्या घाण शंकेची मलाच इतकी लाज वाटली की मी उठून आत गेलो आणि त्या संडासात उभा राहून रडलो, कारण दार लावता येईल अशी दुसरी खोली त्या ब्लॉकमध्ये नाही.

त्यानंतर मी रोज येतोय. रसवंतीचा मालक शिव्या देतो. आज चरक दुसऱ्याच्या हवाली करून इथंच गॅलरीत बसून लिहितोय. आबा शेजारी बारदानावर डुलक्या घेतायत. समोर बिबडे वाळलेत, आता कुरडया चालल्यात. पोरगी मघाशी मला विचारून गेली, तुम्ही समोरचे कोण? मी म्हटलं, रसवाला. तिला ते पटलं.

तर आता तू विचारलं होतंस त्याचं उत्तर. ब्लॉक वाईट आहे. पाणी नाही, भिंती तापतात, गच्चीला कुलूप, शेठच्या अटी, आणि संडासाचं तर सांगितलंच. ह्याच्या निम्म्या भाड्यात स्टँडमागं दोन चांगल्या खोल्या मिळतील. कुणी परका विचारत असता तर मी घेऊ नको म्हणालो असतो. पण भाऊ, आबा ब्लॉक घेतच नाहीयेत. ते ही चार हात गॅलरी घेतायत, आणि तिच्या मानानं सातशे काहीच नाहीत. बँकेतल्या साहेबाला ही जागा गेली तर तो इथं कपडे वाळत घालेल आणि आबा कुठं बसतील ते मला सांग. मी भाडं विचारायला बसलेलो नाही. आखाजी तोंडावर आलीय, तू कुंभाराकडं जाशील, आईच्या घागरीबरोबर सवयीनं दुसरीही उचलशील, म्हणून हे पत्र. ती उचलू नकोस. एवढंच मागायचं होतं, ते लिहायला इतके दिवस लागले. हे पोस्टात टाकत नाही, धुळ्याच्या गाडीचा कंडक्टर रस प्यायला येतो त्याच्या हाती देतो, म्हणजे आखाजीआधी पोचेल. वहिनी पारोळ्याला माहेरी गेल्या असतील, तू घरी एकटाच असशील, तेव्हा शांतपणे वाच.

थांब, कुणीतरी दार वाजवतंय. शेठ असतील, हो-नाही विचारायला.

शेठ नव्हते. भाऊ, दारात वहिनी उभ्या होत्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात सांजोऱ्यांचा डबा, धुळ्याच्या गाडीची धूळ अंगावर. मला पाहून त्या दचकल्या, पण माझ्याइतक्या नाही. त्यांनी वाट विचारली नाही, सरळ गॅलरीत आल्या, म्हणजे पहिल्यांदा येत नव्हत्या. आबांना पत्ता कुणी दिला हे मला आता विचारायला नको. त्यांनी समोरच्या धाब्याकडं बघून डबा उंच करून दाखवला, आणि बेबी, जी आमच्याकडं बघतही नाही, ती हसली. मग वहिनींनी माझ्या हातातल्या कागदाकडं पाहिलं आणि विचारलं, त्यांनाच ना? मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "मग लिहा, मी पारोळ्याला उतरले नाही. आणि यंदाही बेबीची घागर भरणार असाल तर शेजारी एक माझ्या नावाची भरा म्हणावं."

लिहिलं. आता त्या जिना उतरून समोर चालल्यात, आणि आबा टोपी घालून त्यांच्या मागं उभे राहिलेत.

तुझाच,
हिलाल