काळ्यानं जिंकायचा डाव

३ फेब्रुवारी
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. दुकानात चष्म्याच्या काचा घासून बोटं खरखरीत झाली आहेत, एवढंच.

सोळा तारखेला, रविवारी, आमच्या बुद्धिबळ क्लबचा शेवटचा सामना. माझ्याकडे काळी मोहरी, समोर एक निवृत्त पोस्टमास्तर. ते अगदी शांत खेळतात, दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या ठेवतात आणि भराभर मारामारी करून बरोबरी पदरात पाडून घेतात. आम्हाला जिंकायलाच हवं, नाहीतर क्लब खालच्या गटात जाईल. अशा डावात काळ्यानं जिंकायचं कसं? तू अठरा वर्षांत पटाला हात लावला नाहीस, ठाऊक आहे. पण शिकवलंस तूच, मग विचारू कुणाला?

माया आहे तशीच राहू दे.
तुझा ठोंब्या

९ फेब्रुवारी
चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

पत्रात दोन वेलांट्या चुकल्यात. छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या बहिणीला लिहिताना जरा लाज बाळगावी.

उतावीळ होऊ नकोस. त्यांनी घोडा काढला की तू काढ, किल्लेकोट केला की तूही कर. मारामारी मात्र टाळ; पट रिकामा झाला की बरोबरी ठरलेली. संधी मिळताच उंट देऊन घोडा घे, म्हणजे सारखेपणा मोडेल. मग वजिराच्या बाजूचं प्यादं हळूच सरकव. बरोबरीसाठी आलेला माणूस बचावाला उशिरा उठतो.

अठरा वर्षांपूर्वी निवड स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत माझ्याविरुद्ध तू हेच केलंस. मी मुद्दाम शांत खेळत होते. अर्धा-अर्धा गुण मिळाला असता तर आपण दोघंही पुढे गेलो असतो. तू सोळा वर्षांचा, गणित ध्यानात आलं नसेल. माझं मात्र वयात बसण्याचं ते शेवटचं वर्ष होतं.

असो. डोळ्यांना जप, पत्रांत खंड नको.
तुझी ताई

१७ फेब्रुवारी
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जिंकलो. सगळं तू लिहिल्यासारखंच झालं. मध्येच पोस्टमास्तरांनी बरोबरी विचारली, मी नकारार्थी मान हलवली, तेव्हा त्यांचा चेहरा तुझ्या तेव्हाच्या चेहऱ्यासारखा झाला.

ताई, गणित माझ्या ध्यानात आलं होतं. आदल्या दिवशी पंचांच्या गुणतक्त्यासमोर उभं राहून बोटांवर मोजलं होतं. तुला एकदा तरी हरवायचं होतं, बस्स. तू मला अजाण समजत राहिलीस, मी समजू दिलं. क्षमा मागायलाही तोंड नाही.

रागाव, पण पत्र टाक.
तुझा धाकटा भाऊ

२ मार्च
चि. ठोंब्यास आशीर्वाद.

राग आला, खोटं कशाला सांगू. आठवडाभर लिहवलं नाही.

पण त्या स्पर्धेनंतर महिनाभर तू रोज संध्याकाळी पट मांडून माझी वाट बघत बसायचास आणि मी इस्त्री करत राहायचे. शेवटी तू मुकाट्यानं मोहरी डब्यात भरायचास. तुला शिक्षा करता करता माझाच खेळ गेला. त्याचा दोष तुझ्याकडे नाही.

तो डाव मला अजून पाठ आहे. बाविसाव्या चालीला तू प्यादं सरकवलंस तेव्हाच कळलं, मला येत होतं ते सगळं तुला आलं. फार सुरेख खेळलास. हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं.

तुझी ताई