अबू सुरूरची मिशी

२६ मार्च

माझ्या हातांनी आजवर केलेलं: मिशा चारशे अठरा. दाढ्या एकशे त्रेसष्ट. भुवया नऊ जोड. केसांचे टोप छत्तीस – त्यातले दोन फसले, ते मोजू नका असं माझी बायको समीहा म्हणते. मी मोजतो. आकड्याच्या सुया सात, सायकलच्या चाकाच्या तारा घासून केलेल्या. अक्रोडाच्या लाकडाची डोकी चार.

कुणी शिकवलं नाही. बावीस वर्षं गालिचे रफू केले. एकदा एका मालिकेला भाड्यानं गालिचा द्यायला गेलो, तर तिथल्या जमीनदाराची मिशी चहात पडली. म्हटलं, द्या इकडे. त्याला सोळा वर्षं झाली. गालिच्याची गाठ काय आणि केसाची काय, बोटांना फरक कळत नाही, फक्त डोळे जातात.

पण या सगळ्यात मिशी म्हणावी अशी एकच. अबू सुरूरची – कॅमेऱ्यानं जवळून टिपताना लावायची ती. पळापळीसाठी वेगळ्या आहेत, त्या कुणीही करील. हिच्यात केस एक हजार तीनशे बारा. दर वर्षी रमजानच्या आधी भिंगाखाली मोजतो. आज मोजले. तेवढेच आहेत.

मिशी माझी आहे. केस माझे, ते गाठलेली जाळी माझी. निर्मात्यानं कधी दमडी दिली नाही, म्हणून करारात तसं लिहून घेतलंय.

२९ मार्च

रमजान चार दिवसांवर आणि या मालिकेचे अकरा भाग अजून चित्रित व्हायचेत. दर वर्षी तेच. पहाटेपासून उभा. पाय गेले.

अबू सुरूरचं काम करणाऱ्या फारिसला स्वतःची मिशी येत नाही. पंचेचाळिशीला टेकला, गाल अंड्यासारखे गुळगुळीत. कुत्र्याला घाबरतो. मिशी काढली की फाटकावरचा पहारेकरी त्याच्याकडे रोज ओळखपत्र मागतो. आज आरशात बघत म्हणाला, "उस्ताद, लोक माझ्यावर जीव टाकतात हो."

मी म्हटलं, "ओठ हलवू नका, डिंक ओला आहे."

दिग्दर्शक बस्साम म्हणतो लोकांना अबू सुरूर आवडतो तो मिशीमुळे. माझी स्तुती करतोय असं त्याला वाटतं. चूक आहे. 'सात कमानींची गल्ली' या मालिकेत मिशाळ माणसं एकोणीस आहेत, सगळ्या मिशा माझ्याच. मग हाच का?

अबू सुरूर फ्रेंचांच्या काळातला साधा गल्लीचा चौकीदार. शब्द दिला की मिशीतला एक केस तोडून समोरच्याच्या हातावर ठेवतो. काम झालं की केस परत घेतो. आणि केस बाहेर असेपर्यंत शहर सोडत नाही. पहिल्या वर्षी एका परटिणीचा हरवलेला मुलगा आणून दिला – तीस भाग लागले. दुसऱ्या वर्षी त्याला पकडायला शिपाई निघाले, मित्रांनी वेशीत घोडा उभा केला. हा स्टुलावरून उठला नाही. म्हणाला, "माझा केस बाहेर आहे."

बस्स. एवढंच वाक्य. आमच्या दमास्कसमध्ये, जिथून निम्मी गल्ली निघून गेली, तिथं लोकांना दुसरं काय आवडणार?

(तोडायचा केस मी वेगळा, डिंकानं चिकटवतो. खऱ्या मिशीतला एकही आजवर तुटलेला नाही.)

२ एप्रिल

पहिला रोजा, पहिला भाग. वीज नाही. आमच्याकडे बॅटरी आहे म्हणून खालच्या मजल्यावरच्या उम्म झियाद स्वतःची खुर्ची घेऊन वर आल्या, कोपऱ्यावरचा वाणी अबू नझीर खजूर घेऊन. मसुराचं सूप संपायच्या आत गाणं सुरू झालं.

वाणी म्हणाला, "माणूस बघा. उधारीवर कधी काही नेत नाही."

"बायकोवर आवाज चढवत नाही," समीहा म्हणाली, माझ्याकडे न बघता. "आणि स्वतःचा कप स्वतः विसळतो."

"तो लेखकानं विसळलाय," मी म्हणालो.

"मग तुम्हाला कुणी लिहून द्यायला हवं, अबू रीम." समीहा मला लेकीच्या नावानं हाक मारते.

उम्म झियाद दोन हात अंतरावरून पडद्याकडे बघत राहतात. अबू सुरूरच्या तोंडाकडे. मला वाटायचं, ऐकू कमी येत असेल.

५ एप्रिल

अठ्ठाविसावा भाग वाचला. अबू सुरूर मरतोय. एका पोरीला बापाला तुरुंगातून सोडवायचा शब्द दिलेला, केस तिच्या मुठीत, आणि हा गोळी लागून मरतो. केस परत नाही.

बस्सामला म्हटलं, "मारा, पण आधी केस सोडवून घेऊ दे."

"लोक रडतील, उस्ताद. रडायला हवेत."

"लोक रडून बसलेत. त्यासाठी तुमच्या मालिकेची गरज नाही."

"तुम्ही मिशी सांभाळा."

सांभाळतो. घरी कुणाला सांगायचं नाही असा करार आहे. सांगितलं नाही.

८ एप्रिल

रीमचा शारजाहून फोन. नात उभी राहते म्हणे, टेबल धरून. समीहानं फोनची काच ओढणीनं पुसली आणि परत बघितलं. सव्वा वर्षाची झाली, आम्ही अजून हातात घेतलेली नाही. चित्र अडकलं ते नेमकं ती पडताना. मग रेंज गेली.

१३ एप्रिल

लिहावं की नाही, दोनदा वही मिटली.

दुपारी उम्म झियाद वर आल्या. समीहा बाजारात. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "वजीह, मला अबू सुरूरचा एक केस दे."

"उम्म झियाद, ते नाटक आहे."

"मी म्हातारी झाले, खुळी नाही."

"मग फारिसला विचारू का? तोच स्वतः येऊन—"

"त्याला मिशी कुठाय? बांधलीस तू, तू दे."

"घेऊन करणार काय?"

त्या बसल्या मग. म्हणाल्या, "झियाद नाहीसा होऊन दहा वर्षं झाली. ज्यानं त्यानं शब्द दिला. कुणी म्हणे माझा ओळखीचा आहे, कुणी म्हणे विचारून सांगतो. एकानंही हातावर काही ठेवलं नाही रे."

त्यांचा मुलगा झियाद गॅसचं सिलिंडर आणायला गेला होता. तपासणी नाक्यापर्यंत गेलेला लोकांनी पाहिला. रिकामं सिलिंडर दोन दिवसांनी कुणीतरी दारात आणून ठेवलं.

"देताना काय बोलू?" मी विचारलं.

"काही बोलू नकोस. मंगळवारी माझ्याबरोबर चल. काही कळेपर्यंत दर मंगळवारी."

म्हटलं, बघतो.

आता जे कुणाला सांगितलेलं नाही ते. झियाद गेला त्याच्या पुढच्या वर्षी, बातमी आणतो म्हणणाऱ्या एका दलालाला द्यायला पैसे हवे होते, तेव्हा उम्म झियादनी आपली वेणी कापून मला विकली. उशीच्या अभ्र्यात घालून आणली होती. जाड, तांबूस, मेंदीत मुरलेली. असा केस मी पुन्हा पाहिला नाही. सहा वर्षं तशीच कागदात ठेवली. मग अबू सुरूर आला.

त्यांना मी सांगितलं होतं की वेणी एका राणीच्या टोपात गेली. काय सांगणार? बाई, तुझे केस एका चौकीदाराच्या नाकाखाली आहेत?

१४ एप्रिल

दिला. डाव्या टोकापासून चौथ्या ओळीतला, गाठ सोडवून, तोडला नाही. त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी रुमालात बांधला.

एक हजार तीनशे अकरा.

१९ एप्रिल

मंगळवार. सकाळी सातला निघालो. बेपत्ता माणसांच्या चौकशीची खिडकी दहाला उघडते. रोज्यात तीन तास उन्हात. रांगेत बायकाच जास्त, प्रत्येकीच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक फोटो. सगळ्या एकमेकींना नावानं ओळखतात. मला सरकवून पुढं जागा दिली – पुरुष आलाय, पाय दुखत असतील.

खिडकीतल्या माणसानं विचारलं, तुम्ही कोण. मी म्हटलं शेजारी. धंदा? सांगितला. त्यानं पेन खाली ठेवलं.

"अबू सुरूरची मिशी तुम्ही करता?"

"हो."

"आमच्याकडे आई रोज त्याच्यासाठी दुआ मागते. खरं सांगा, तो मरत नाही ना?"

मी म्हटलं, "आधी झियादचं बघा."

त्यानं वही न उघडताच सांगितलं, नवीन काही नाही, पुढच्या मंगळवारी या. मग पुन्हा, हळूच, "मरत नाही ना?"

परतताना उम्म झियाद म्हणाल्या, "इतका वेळ तो माझ्याशी कधी बोलला नव्हता." हसल्या की काय कळलं नाही.

२६ एप्रिल

गेलो. नवीन काही नाही. टाच सुजली.

२९ एप्रिल

भाग अठ्ठाविसावा. अबू सुरूर वेशीतच पडला, स्टुलाशेजारी. जवळून टिपलं तेव्हा मला फक्त डावं टोक दिसत होतं. चौथी ओळ. कुणाच्या लक्षात येण्यासारखं नाही. मला दिसलं.

वाणी उठला आणि खजुराचा डबा तसाच टाकून निघून गेला. समीहा म्हणाली, "केस? अहो, त्या पोरीकडचा केस?" मग मला, "तुम्हाला ठाऊक होतं. महिनाभर ठाऊक होतं तुम्हाला."

उम्म झियादनी खुर्ची उचलली. दारात म्हणाल्या, "मंगळवारी ईदची सुट्टी. खिडकी बंद असेल. त्याच्या पुढच्या मंगळवारी."

३० एप्रिल

वाण्यानं दुकानाबाहेर सहा खुर्च्या मांडल्यात आणि बिनसाखरेची कडू कॉफी ठेवलीय, मयताला ठेवतात तशी. येणारा जाणारा बसतो, घोटभर पितो, "अल्ला त्याला माफ करो" म्हणतो, उठतो. मीही बसलो. कुणी हसत नव्हतं. एक म्हातारा मला म्हणाला, "मरू दे हो. मरतात माणसं. पण केस बाहेर ठेवून?" मी मान हलवली. शेजारी फारिस येऊन बसला, गुळगुळीत चेहऱ्यानं. त्यालाही कॉफी दिली, सांत्वन केलं. कुणी ओळखलं नाही.

२ मे

ईद. शारजाहून कुणा हॉटेलवाल्याचा फोन. मूळ इथलाच, तिथं तीन खाणावळी आहेत. दारातच काचेच्या पेटीत अबू सुरूरची मिशी ठेवायची आहे. आता तो मेल्यावर तर जास्तच. आकडा ईदनंतर सांगतो म्हणाला. शारजा हे नाव ऐकताच समीहा हातातली मामूल, ईदची खजुराची मिठाई, तशीच धरून उभी राहिली.

"देतील ते घ्या," ती म्हणाली. "मिशी तुम्ही अजून करू शकता. नात काही पुन्हा पहिल्यांदा चालायची नाही."

बरोबर आहे तिचं.

संध्याकाळी मिठाईची ताटली घेऊन खाली गेलो. उम्म झियादनी रुमाल कुराणाखाली ठेवलाय. मी म्हटलं, केसाची गोष्ट सांगायची आहे, तो केस खरं तर—

"राणीचा टोप म्हणे," त्या म्हणाल्या. "पहिल्याच वर्षी ओळखला मी. दिव्याखाली लाल मारतो. लहानपणी झियाद तीच वेणी मुठीत धरून झोपायचा. मी काय त्या चौकीदाराला बघायला वर येते?"

ताटली खाली ठेवली. मग म्हटलं, "माझा म्हणून दिला तो तुमचाच निघाला. म्हणजे शब्द काही खरा नाही."

"केस माझा," त्या म्हणाल्या. "गाठ तुझी होती."

१० मे

मंगळवार. नवीन काही नाही. खिडकीतल्या माणसाच्या दंडावर काळी फीत होती. विचारलं नाही.

११ मे

हॉटेलवाल्याचा फोन आला. नाही म्हणून सांगितलं, माझा केस बाहेर आहे. देत होता साठ हजार दिरहम, आणि आम्हा दोघांचे व्हिसा. समीहाला साठ हजारच सांगितले.