सहा तासांची वात

आत्याबाई, तुमच्या देव्हाऱ्यातल्या नंदादीपाबद्दल बोलायचं आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी सासूसमोर माझी मान अजून वर होत नाही, म्हणून लिहून सांगते.

तुमचा मुलगा सहा वर्षांचा असताना तापानं फणफणला आणि तो उठून बसावा म्हणून तुम्ही अखंड दिवा लावलात. तो बरा झाला, मोठा झाला, माझा नवरा झाला, आणि दिवा तेवतच राहिला. लग्नानंतर पाचव्या दिवशी तुम्ही मला देव्हाऱ्यापुढं बसवलंत. वळसंगच्या तुमच्या भावाकडचा कापूस घ्यायचा, सरकी काढायची, तळहातावर वळून वीतभर वात करायची. चिमट्यानं काजळी काढायची, पण हलक्या हातानं. वात सरत आली की नवी जुनीवर पेटवायची, मगच जुनी बाहेर. ज्याच्यासाठी दिवा, त्यानं मात्र हात लावायचा नाही, म्हणजे तुमचा लेक सुटला आणि सून अडकली. पहिल्याच दिवशी मी वात फार पुढं ओढली, ज्योत भडकली आणि घाबरून मी फुंकर मारायला वाकले. तुम्ही माझं तोंडच दाबलंत. "आगं, माझ्या लेकाचा जीव हाय त्यो! तोंडानं फुकतीस व्हय?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, तर मागून येऊन तुम्हीच मला आल्याचा चहा करून दिलात. माया तुमच्याकडं होती, नाही म्हणत नाही.

पण एक वात सहा तास चालते, आत्याबाई. तेवढ्या वेळात सोलापुरातून कुठवर जाऊन येता येतं ते मला विचारा. मोडनिंबपर्यंत येतं. तुमच्या माघारी माझी आई तिथं अंथरुणाला खिळली, तेव्हा मी सकाळच्या एसटीनं जायची आणि दुपारी परत. शेवटच्या खेपेला ती माझा पदर धरून म्हणते, "आज ऱ्हा की गं." मी पदर सोडवून घेतला आणि चपला घातल्या. चौथ्या दिवशी ती गेली. त्याचा मला तुमच्यावर राग आहे, अजून आहे.

तीन वर्षांपूर्वी तुमचा मुलगाही गेला. तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं आणि मी वाट बघत होते, की कुणीतरी म्हणेल, आता पुरे, दिवा राहू दे. कुणी म्हणालं नाही. सगळे त्याला हात जोडून जेवायला बसले. लावायचा कसा ते तुम्ही शिकवलंत, थांबवायचा कधी ते सांगितलंच नाही.

आता पुण्यात लेकीला आठवा सरतोय. थोरल्याची शाळा आहे, म्हणून दुसऱ्या बाळंतपणाला ती इकडं येऊ शकत नाही. रोज फोन करते. "आई, मला तू पाहिजेस गं, बाकी कुणी नको." परवा मी ठरवलं. पिशवीत चार साड्या भरल्या आणि सकाळी दिव्यात तेल घातलं नाही. दुपारी समोर बसून आहे. ज्योत बारीक झाली, निळी झाली. माझा हात तीनदा चिमट्याकडं गेला, तीनदा मी तो मांडीखाली दाबला. दिवा शांत झाला. थोडा धूर, मग काहीच नाही.

मी मोकळी झाले होते आणि मला उठता येईना. लग्न झाल्यापासून मी दुसऱ्या घरी एक रात्र काढलेली नाही. पुण्यात सकाळी उठून पहिला हात कशाला लावायचा, तेच सुचेना. स्वतःच्या लेकीच्या घरी जायची मला भीती वाटली. तेवढ्यात तिचाच फोन आला. "तिकीट काढलंस का?"

हे तुम्हालाच सांगते, कारण तुमच्यापर्यंत पत्र पोचत नाही, आणि तिच्या हाती हा कागद मी पडू देणार नाही. गार पडलेल्या दिव्यासमोर बसून मी तिला म्हणाले, "कशी येऊ गं, घरी दिवा हाय की."