दोन शांतव्वा

ता. ३ डिसेंबर १९०६

पोहोचलो एकदाचा कोल्हापुरात! महाद्वाराजवळ हुसेनभाईंच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करायला लागलो. माणूस मोकळा, हसला की बोळभर ऐकू जातं; मला पहिल्याच दिवशी 'मास्तर' करून टाकलं. राहायला शांतव्वांची माडीवरची खोली. बाई विधवा, आमच्याच लिंगायत समाजातल्या, म्हणून जेवणही त्यांच्याकडेच. पहिल्याच ताटात झुणका, भाकरी आणि असा ठेचा की डोळ्यांतून गंगा-यमुना! दोघांनाही आधीच सांगून ठेवलंय, मी तापट आहे. रागावलो की तोंडाला कुलूप, दारात कुणी कितीही बोंबललं तरी ओ देत नाही. शांतव्वा म्हणाल्या, "बरं की, पावणं. राग गेला की जेवाय या."

ता. ११

आज विचित्रच झालं. शांतव्वा ताट घेऊन आल्या आणि मला दोन दिसल्या. एकीला खेटून दुसरी, दोघींच्या हातात ताट. पाणी प्यालो तर नाकातून आलं. थोड्या वेळानं सगळं ठीक. कुणाला बोललो नाही, उगाच हसायचे.

ता. १४

दिवसभर एक डोळा मिटून, दुसऱ्याला भिंग लावून काम केलं. केसाएवढी कमान बसवली, एक चूक नाही. घरी आलो, ताट पुढं आलं आणि पुन्हा दोन शांतव्वा! म्हणजे डोळे शाबूत आहेत, खोट या घरात आहे. बाई जेवणात काहीतरी कालवते. काय कालवते, तेच कळत नाही.

ता. १६

हुसेनभाईंनी शांतव्वांना सांगितलं, हसताना मास्तरांचं तोंड वाकडं होतं. बाई माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "आमच्या मालकांचं बी असंच झालतं. एकाचं दोन दिसाय लागलं, तोंडावरनं वारं गेलं, आन् चार दिसांत गेलं की. डाक्टरकडं चला." दोन दिसतात हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं! आणि अर्धांगाचं वारं कसलं, विष असेल. नवरा खाल्ला, आता माझी पाळी. डॉक्टरही हिनंच ठरवलेला.

ता. १७

जेवलो नाही. बाजारातून केळी आणली, तीही घशात अडकली. डाव्या हाताला मुंग्या. आधीचंच अंगात भिनलंय —

ता. १८, दुपार

कडी लावली. दाराशी ट्रंक सरकवली. दोघं दाराबाहेर आलेत, डॉक्टर आणलाय म्हणे. हुसेनभाईही सामील!

फटीतून पाहिलं. दोन शांतव्वा. दोघी रडताहेत.

नीट बघायला भिंग लावल्यासारखा एक डोळा मिटला — एकच शांतव्वा.

उघडला — दोन. मिटला — एक.

दुकानात एक डोळा मिटलेला असतो — म्हणून तिथं —

अरे देवा. घरात काही नाही. माझ्याच डोक्यात — बाई खरं सांगत होती.

उठता येत नाही. डावा पाय गेला. हाक मारली, नुसती घरघर. उजवा हात तेवढा चालतोय. हे पान फाडून दाराखालून सारतो —

हुसेनभाई म्हणताहेत, रागावलेत मास्तर, ओ देणार नाहीत, उद्या येऊ.

जिना वाजतोय —

शांतव्वा, मी रागावलो नाही. दार फो