बावीस पावलांची मापं

ता. १४, गुरुवार सकाळ

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आठवतं का गं, गच्चीवर आपण दोघी चादरींच्या घड्या घालायचो? दोन टोकं माझ्या हातात, दोन तुझ्या. नेमकं अर्ध्यात तू हसत हात सोडायचीस आणि ओली चादर धुळीत. आई खालून ओरडायची ती मला. "तू मोठी ना? सांभाळून घेता येत नाही?" तू तोवर तिच्या पाठीमागे लपलेली. चादर पुन्हा पिळायची मी.

इकडे सगळं ठीक. पूर ओसरून नदी पात्रात परतली. शाळेच्या हॉलमध्ये अजून नऊ कुटुंबं आहेत. रविवारी तीही जातील, ज्यांची घरं उभी आहेत ती घरी, बाकीची नातेवाइकांकडे. शिक्षिका म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी आपल्या मुख्याध्यापिका सिस्टरांनी मलाच बोलावलं. पाणी उकळणं, आलेले कपडे वयाप्रमाणे लावणं, मुलांच्या डोक्यातल्या उवा काढणं, असं चाललंय. गुडघा कुरकुर करतो, पण त्याचं कोण ऐकतं!

पाच वाजले की तुझा फोन येतो. मुलं अर्धी वेणी माझ्या हातातून सोडवून ऑफिसकडे धावतात. "मावशी, मांजराचा आवाज काढ!" तू मांजर होतेस, इंजिन होतेस. आणि मी 'बाई'. "बाई आल्या, नखं लपवा!" सिस्टर कौतुकाने म्हणाल्या, "तुमची बहीण इतक्या लांब, पण किती जवळची वाटते!" मी म्हटलं, "दुरून डोंगर साजरे." त्यांना तो विनोद वाटला.

बुटांचं लिहायचंय. दोन कागद फाडले, हा तिसरा.

मुलांचे बूट पुरात वाहून गेले हे तुला कळलं आणि तू म्हणालीस, "ताई, प्रत्येकाचं पाऊल कागदावर ठेवून पेन्सिल फिरव, म्हणजे माप चुकणार नाही." मी फरशीवर बसून बावीस पावलं काढली. गुदगुल्या होऊन मुलं लोळत होती. शिंप्याच्या धाकटीने तर माझ्या खांद्याला धरून पाऊल ठेवलं आणि कानात म्हणाली, "बाई, तुमचे हात गार आहेत." त्या दुपारी मुलं माझी होती गं.

मग तुझी बावीस खोकी आली. प्रत्येकावर नाव, आणि खाली 'मावशीकडून'. ट्रक दिसताच पोरं "मावशी, मावशी" करत नाचली. मी एकटीने दार लावून सगळे बूट कागदांवर ठेवून पाहिले. एकही चुकला नव्हता. बाहेर येऊन मी म्हटलं, "मापं चुकलीत. परत पाठवायला लागतील." खोकी आजाऱ्यांच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं.

तू फोनवर विचारलंस, "सगळीच चुकली, ताई?" मी म्हटलं, "घाईत होतं असं." तू बिचारी त्या दुकानदाराशी भांडून आलीस.

नऊ दिवस मुलं अनवाणी फिरली. मंगळवारी शिंप्याच्या धाकटीचा उजवा पाय अंगणातल्या फळीच्या खिळ्यावर पडला. चार टाके. डॉक्टर शिवत होते तेव्हा तिने माझाच हात धरला होता. मला तो सोडवून घ्यावासा वाटला.

काल सकाळी सिस्टरांना सांगितलं. त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मग मुलांना सांगितलं : मापं बरोबर होती, बाई खोटं बोलल्या. शिंप्याच्या धाकटीने पाय उशीवर ठेवूनच विचारलं, "का?"

"मला हेवा वाटला."

"हेवा म्हणजे?"

"तुझ्या बहिणीला आई आधी जवळ घेते, तेव्हा तुला पोटात काय होतं?"

"मी तिला चिमटा काढते."

"मीही तेच केलं."

विचार करून ती म्हणाली, "म्हणजे मावशीचं काहीच चुकलं नव्हतं. मावशी हुशारच आहे!" एवढं होऊनही मला ते टोचलं, धाकटे. तुझ्यापासून काय लपवू?

तू शनिवारी येतेयस. मी खोकी वाटणार नाही, तूच वाट. किल्ली सिस्टरांकडे दिली आहे. मुलं घरी गेल्यावर माझ्यावर काय रागवायचं ते रागव, पण आधी बूट.

नावाड्याच्या जुळ्या मुलींची खोकी बदलू नकोस. जिच्या भुवईत खूण आहे तिचं पाऊल रुंद आहे. गवंड्याच्या मुलाला निळे दे, तो काळे मागेल, ते मोठ्या भावाचे आहेत. सुताराचं कुटुंब आधीच मामाकडे गेलं, त्यांची तीन खोकी या कागदाच्या मागे लिहिलेल्या पत्त्यावर पाठव. सिस्टरांना काही नको, पण त्यांच्यासमोर एकदा मांजर हो.

शिंप्याच्या धाकटीला डावा बूट तुझ्या हाताने घाल. उजवा मी काढून घेतलाय. पट्टी सुटेल त्या दिवशी तिच्या घरी जाऊन तो मी घालीन. तेवढा एक माझ्याकडे राहू दे.

तुझी,
ताई